पाच माणसांची पलटण

‘या, बसा, बोलू’ असे सरकारी बोलावणे आले की खानदेशातल्या भिल्लांना आधी कोपरगावच्या विहिरी आठवत. १८०४ साली पेशव्यांचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने भिल्लांना तडजोडीसाठी कोपरगावी बोलावले. अभयाचा शब्द मिळाला म्हणून ते आले. आल्यावर त्यांना घेरून मारले आणि प्रेते विहिरींत लोटली. तशा कत्तली त्या काळात इतरही झाल्या, पण कोपरगावचे नाव भिल्लांच्या मनातून गेले नाही. कौल देऊन गळा कापतात, हे त्यांनी पाहिले होते.

यानंतर एकवीस वर्षांनी जेम्स आउट्रम नावाचा बावीस वर्षांचा एक इंग्रज लेफ्टनंट अजिंठ्याच्या रांगेतल्या भिल्लांकडे पुन्हा तसेच बोलावणे घेऊन गेला. मुंबई सरकारने त्याला पलटणीतून काढून खानदेशात कायदा आणि सुव्यवस्था बसवायच्या कामावर नेमले होते. हाताखाली हवी ती माणसे त्याने स्वतः उभी करायची होती, आणि ती भिल्लच असायला हवी होती.

हा माणूस पुढे फार मोठा झाला. सर जेम्स आउट्रम म्हणून तो लखनौच्या वेढ्यात नावाजला, आणि मेल्यावर वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरला गेला. इंग्रजी चरित्रकार खानदेशातल्या दहा वर्षांची ओळख त्याच्या वाघांच्या संख्येने करून देतात. मला मात्र त्याच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा काळ हाच वाटतो, कारण या दहा वर्षांत त्याने जे उभे केले त्याची किंमत त्याच्या माघारी भिल्लांनी मोजली.

भिल्ल लुटारू कसे झाले हे आधी पाहायला हवे. खानदेशच्या गावगाड्यात भिल्ल हा जागल्या होता. रात्री गावाची राखण करायची, चोरी झाली तर माग काढायचा, माग शेजारच्या शिवेत गेला तर तिथल्या जागल्याच्या हवाली करायचा, आणि माग सापडला नाही तर नुकसान आपल्या माथी घ्यायचे. त्याबद्दल खळ्यावर त्याला धान्याचा वाटा मिळे. घाटातल्या नाइकांचा हक्क वेगळा. सातपुडा आणि सातमाळ्यातून जाणाऱ्या तांड्यांना ते सांभाळून पार करत आणि त्याचा ठरलेला पैसा घेत. म्हणजे या मुलखाची पोलीस व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या भिल्लांच्याच हातात होती.

मग १८०२ मध्ये होळकरांच्या फौजा खानदेशावरून गेल्या. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. गावे ओस पडली, शेतांत जंगल माजले. खळेच नाही तिथे वाटा कुठून मिळणार? राखायला गाव उरले नाही, तेव्हा राखणदार डोंगरात गेला, आणि ज्या वाटा त्याने सांभाळल्या होत्या त्याच लुटू लागला. अरब शिबंदी आणि पेशव्यांचे अंमलदार त्याच्यावर तुटून पडले. कोपरगाव त्यातलेच.

१८१८ मध्ये मालेगावचा किल्ला अरबांकडून घेऊन इंग्रजांनी खानदेशात पाय रोवला. पहिला अंमलदार कॅप्टन जॉन ब्रिग्ज. नाइकांचे जुने हक्क मान्य करायचे, त्यांना तनखा द्यायचा, ऐकणार नाहीत त्यांच्यावर फौज पाठवायची, असा त्याचा बेत होता. कागदावर तो शहाणपणाचा दिसतो. प्रत्यक्षात तनखा थोड्यांच्या पदरी पडला आणि फौज सगळ्यांच्या वाट्याला आली. सैनिकांनी घाट रोखले, पाडे जाळले. पाडे म्हणजे कुडाची चार खोपटी. ती आठ दिवसांत दुसऱ्या दरीत पुन्हा उभी राहत. इकडे चौक्यांवरचे शिपाई हिवतापाने पटापट मरत होते. सात वर्षे असे चालले. एक नाईक पकडावा तर दुसरा उठे.

१८२५ मध्ये बागलाणात मोठा उठाव झाला. शेवराम नावाच्या एका सोनाराने सातारच्या छत्रपतींच्या नावाची बनावट पत्रे दाखवून भिल्लांना जमवले. शेकडो माणसांनी अंतापूर लुटले आणि मुल्हेरचा डोंगरी किल्ला धरला. पत्रे खोटी होती, आणि ती ज्या छत्रपतींच्या नावावर खपली ते सात वर्षांपासून इंग्रजांचेच अंकित होते. तरीही त्या नावावर माणसे उठली, हे मुंबईतल्या साहेबांनी बरोबर ओळखले असणार.

मुल्हेरवर मालेगावच्या छावणीतून आउट्रमला पाठवले. किल्ल्याच्या पायथ्याशी पोचल्यावर कुमकेची वाट पाहायला हवी होती. त्याने ती पाहिली नाही. रात्री एका छोट्या तुकडीला पुढच्या बाजूने हल्ल्याचा गोंगाट करायला सांगितले आणि स्वतः उरलेली माणसे घेऊन मागच्या अंगाने वर चढला. वरच्यांची पांगापांग झाली.

हा पोरगा वाढला होता गरिबीत. २९ जानेवारी १८०३ चा जन्म, इंग्लंडातल्या डर्बीशरमधला. बाप बेंजामिन आउट्रम नावाजलेला इंजिनिअर होता, पण मुलगा दोन वर्षांचा असताना तो वारला आणि मागे कर्जेच राहिली. आईने मुलांना घेऊन स्कॉटलंडची वाट धरली. मुलगा अंगाने किरकोळ. १८१९ मध्ये तो मुंबईला आला तो सोळाव्या वर्षी, आणि आल्यावर तापाने अनेकदा आडवा झाला. पण हट्टी होता, आणि साहसाची त्याला तहान होती. मुल्हेरची बातमी मुंबईला गेली तेव्हा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन एका वेगळ्याच माणसाच्या शोधात होता.

एल्फिन्स्टनचे म्हणणे साधे होते: भिल्लांना संपवता येत नाही, तेव्हा त्यांना सामावून घ्या. खानदेशाचे तीन भाग पाडून प्रत्येकी एक ‘भिल्ल एजन्सी’ नेमली. दक्षिणेची कन्नडला, वायव्येची कुकरमुंड्याला, ईशान्येची धरणगावला. कन्नडच्या ओव्हन्सकडे जमीन, बैल आणि तगाई देऊन भिल्लांना शेतीवर बसवण्याचे काम होते. आउट्रमला धरणगाव मिळाले, आणि त्याच्याकडे पलटण. भिल्लांची पलटण उभारायचे प्रयत्न आधीही झाले होते आणि फसले होते. आउट्रमच्या सोबत्यांना वाटले की एका चांगल्या अधिकाऱ्याला जंगलात पाठवून सरकार त्याची कारकीर्द मातीत घालत आहे.

त्याची पहिली चाल मात्र जुन्याच पठडीतली होती. नेहमीची फौज घेऊन त्याने जामनेरच्या डोंगरातल्या टोळ्यांवर छापा घातला आणि काही माणसे, बायकापोरे पकडली. हे विसरू नये. त्याच्या मनमिळाऊपणाच्या गोष्टी पुष्कळ सांगतात, पण सुरुवात बंदुकीने झाली. पुढचे मात्र नवे होते. पकडलेल्यांतल्या काहींना सोडून त्याने त्यांच्या हाती नाइकांना निरोप धाडला, आणि मग एकटाच, पहारा न घेता, त्यांच्या पाड्यावर गेला. त्यांना जेवण घातले, त्यांच्या पोराबाळांची विचारपूस केली, आणि रात्री तिथेच झोपला.

कोपरगावचा हिशेब उलटा फिरवणारी गोष्ट हीच होती. आजवर कौल देणारा आपल्या वाड्यात, आपल्या बंदुकांच्या आत बसून भिल्लांना बोलवी. या वेळी कौल देणारा त्यांच्या हातात आला होता. मनात आणले असते तर कोणाही म्हाताऱ्या भिल्लाने झोपेत त्याचा गळा कापला असता. जो आपला जीव आधी ओलीस ठेवतो त्याचा शब्द ऐकायला डोंगर तयार होतो, हे कळायला इतर अधिकाऱ्यांना सात वर्षे पुरली नव्हती.

शेवटी पाच जण तयार झाले. आउट्रमने पुढे लिहिले की या छोट्या सुरुवातीवरूनच त्याला पुढच्या यशाची खात्री वाटली. भिल्ल पलटण सुरू झाली ती या पाच माणसांवर.

पाचाचे पंचवीस व्हायला वाघ कारणी आले. शिकार हे भिल्लांचे जगणे, आणि आउट्रमचे वेड. १८२५ ते १८३४ या काळात त्याच्या उपस्थितीत १९१ वाघ मारले गेले, अशी नोंद त्याच्या चरित्रात येते. आज हा आकडा वाचताना मन खिन्न होते. त्या दहा वर्षांत सातपुड्याचे किती रान उसवले असेल! पण त्या काळच्या पाड्यावर वाघ म्हणजे नेलेली गाय आणि नेलेले पोर. वाघावर पायी जाणारा साहेब हा भिल्लांच्या नजरेत आपल्यातला माणूस झाला. एकदा वाघ ओढ्याच्या काठी झुडपात दडला होता आणि गोळी लागेल असा नेम कुठूनच मिळेना. तेव्हा भिल्लांनी आपली पागोटी एकमेकांना बांधली, त्यांनी त्याला झाडाच्या फांदीवरून खाली सोडले, आणि तसाच लोंबकळत त्याने वाघ टिपला. डोक्यावरचे पागोटे सहसा कुणाला सोडवत नाही. ज्यांच्या पागोट्यांवर त्याने भार टाकला त्यांच्यावर त्याचा विश्वास होता, हे त्या दोऱ्या ओढणाऱ्या हातांना कळले.

तरी डोंगरात अफवा पसरली की सरकार भिल्लांना एका जागी गोळा करतेय ते एका दिवसात कापून टाकण्यासाठी. एकत्र आलेले भिल्ल म्हणजे कोपरगाव, हे गणित अजून पुसले नव्हते. काही जण पळाले, त्यांना आउट्रमने परत आणले. कवायतीला उभ्या राहिलेल्या माणसांना पगार वेळच्या वेळी, दुसऱ्याच्या हातून न जाता, थेट त्यांच्या हाती मिळेल याची काळजी तो घेई. भिल्लाच्या हाती कधी पूर्ण पैसा न पोचलेल्या मुलखात या बारीक गोष्टीने मोठे काम केले.

मग नवे भिल्ल शिपाई मालेगावला गेले. तिथे २३ वी देशी पलटण होती, आउट्रमची स्वतःची. तीत उच्च जातींचे शिपाई बरेच. भिल्लांची टर उडवली जाईल, वाईट शब्द जातील, अशी धास्ती होती. घडले उलट. पलटणीतल्या जुन्या शिपायांनी या नव्या शिपायांना शेजारी बसवले, पान-सुपारी दिली, खायला घातले, आपल्याच पेशाचे भाऊ म्हणून त्यांच्याशी बोलले. आउट्रमने हे मोठ्या आनंदाने लिहून ठेवले आहे. त्या संध्याकाळी भिल्लांच्या मनात काय उलथापालथ झाली असेल याची कल्पना मी करतो. गावकुसाबाहेरच ज्यांचा वाटा वाढला जाई, त्यांच्या हातात कोणीतरी विडा ठेवला होता. त्यानंतर नवी भरती वाढत गेली आणि काही वर्षांत ती सहाशेपर्यंत पोचली.

पलटणीचे काम आजच्या राज्य राखीव पोलिसांसारखे होते. तिजोरी आणि तुरुंगावर पहारा, खजिन्याच्या गाड्यांना सोबत, घाटांत गस्त, आणि दरोडेखोरांचा माग. माग काढण्यात भिल्लाचा हात कोण धरणार? ओल्या पानावर पडलेल्या टाचेवरून तो माणूस किती वेळापूर्वी गेला हे सांगे. जागल्याची जुनी विद्या गणवेश घालून परत कामाला लागली. नेहमीची पायदळ पलटण हिवतापाच्या चौक्यांवरून मागे घेता आली. १८२८ मध्ये कलेक्टर गिबर्न याने कळवले की वीस वर्षांत प्रथमच या जिल्ह्याने सहा महिने स्वास्थ्य अनुभवले. त्या एका वाक्यात किती शेतकऱ्यांचा सुटकेचा श्वास असेल! खानदेशाच्या कुणब्यालाही भिल्लाइतकेच सोसावे लागले होते.

१८३० मध्ये पलटण डांगात उतरली. पश्चिमेच्या त्या दाट रानातल्या भिल्ल राजांचा माग काढणे ही बाहेरच्या फौजेच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती. ज्या झाडीत इतरांना वाट सापडेना तिथे खानदेशी भिल्लांनी वाटा काढल्या. डांगचे राजे शरण आले. आउट्रमची कीर्ती मुंबईत गाजली.

इथे मला थांबावेसे वाटते. धरणगावच्या भिल्लाने डांगच्या भिल्लाला शरण आणले. भिल्लाला धरायला भिल्ल, हे धोरण कागदावर कितीही साधे वाटले तरी जंगलात त्याचा अर्थ चुलत्याविरुद्ध पुतण्या असा होतो. आउट्रमला याची टोचणी होती असे मला वाटत नाही. त्याला आपल्या माणसांवर प्रेम होते, हे खरे. पण प्रेमाने त्याने त्यांना ज्या जागेवर उभे केले, ती जागा त्यांच्या नात्यागोत्याच्या विरुद्ध होती. शिवाय सारे त्याच्यावर, एका माणसावर, उभे होते. हक्कांचा जुना तंटा तसाच पडून राहिला होता. खळ्यावरचा वाटा, घाटाचा पैसा, ज्यांच्यावरून भांडण सुरू झाले, त्यांची जागा पगाराने घेतली. पगार देणारा रुसला की काय, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

१८३५ मध्ये आउट्रम खानदेश सोडून गुजरातेतल्या महीकांठ्यावर गेला. त्याच वर्षाअखेर त्याचे लग्न झाले. पुढे अफगाण युद्ध, मग सिंध. सिंधच्या अमिरांवर अन्याय होतोय असे त्याचे मत होते आणि ते त्याने जाहीरपणे मांडले, त्यावरून सर चार्ल्स नेपियरशी त्याचे कायमचे बिनसले. अमिरांच्या लुटीतला आपला वाटाही त्याने ठेवून घेतला नाही, दानधर्माला दिला.

बडोद्याचे प्रकरण त्याहून बोलके आहे. १८४७ मध्ये तो गायकवाडांच्या दरबारी रेसिडेंट झाला, तेव्हा त्याला कळले की बडोद्याहून मुंबईपर्यंत लाचेची एक पक्की साखळी आहे. रेसिडेन्सीचा देशी एजंट नरसोपंत तिच्यातला एक दुवा होता. ‘मुंबईतल्या साहेबांपर्यंत आपला हात पोचतो’ असे सांगून दलाल सावकारांकडून, विधवांकडून, दरबाऱ्यांकडून पैसा उकळत. आउट्रमने तपास केला आणि सरकारला लांबलचक अहवाल दिला. त्या धंद्याला आपल्या भाषेत जो शब्द होता, तोच त्याने उचलला: खटपट. आपला हा साधा घरगुती शब्द त्यामुळे लंडनच्या कागदपत्रांत जाऊन बसला.

आता त्याने दरोडेखोर डोंगरात न शोधता कचेरीत शोधले होते. मुंबई सरकारला ते सोसले नाही. भाषा उद्धट आहे, सरकारची बेअब्रू होते, असे ठपके ठेवून गव्हर्नर लॉर्ड फॉकलंडने १८५१ च्या अखेरीस त्याला बडोद्यातून हटवले. लंडनच्या संचालकांनी मात्र त्याची बाजू घेतली आणि १८५४ मध्ये तो पुन्हा बडोद्याला आला. भिल्लाला कौल देताना जशी त्याने स्वतःची मान पुढे केली, तशी इथेही केली.

नंतर लखनौ. १८५४ च्या अखेरीस तो तिथे रेसिडेंट झाला, आणि १८५६ मध्ये अवध खालसा करण्याचे काम त्याच्याच हातून झाले. सिंधच्या अमिरांसाठी भांडलेला माणूस इथे वेगळ्या बाजूला उभा होता, आणि ते मला त्याच्या आयुष्यातले सर्वांत जड पान वाटते. १८५७ च्या सप्टेंबरात लखनौ सोडवायला निघालेल्या फौजेचा हुद्द्याने तो प्रमुख होता. पण जनरल हॅवलॉकने आधी मोठी लढाई दिली होती, म्हणून आउट्रमने प्रमुखपद त्याला दिले आणि स्वतः स्वयंसेवक म्हणून लढला. मग वेढ्यात अडकला, आणि नंतर आलमबागेची छावणी मार्चपर्यंत सांभाळत राहिला.

नेमके तेच महिने सातपुड्यात काय चालले होते, हे त्याच्या चरित्रांत फारसे येत नाही.

सेंधव्याच्या घाटावर खाज्या नाईक हा सरकारचाच राखणदार होता. घाटाचा पैसा घेणाऱ्या जुन्या नाइकांच्या जागी आता सरकारी पगारावरचे भिल्ल नेमले गेले होते, आणि खाज्या त्यांचा मुख्य. एका संशयित माणसाच्या मृत्यूबद्दल सरकारने त्याला तुरुंगात घातले, नोकरी गेली. पुढे सुटका झाली आणि १८५७ मध्ये त्याला त्याच घाटावर पुन्हा नेमले, कारण दुसरा कोणी तो घाट सांभाळू शकेना. नोव्हेंबरात आग्रा-मुंबई वाटेने सरकारी खजिना घाटात आला तेव्हा खाज्याने तो लुटला. सुमारे सात लाख रुपये होते. भीमा नाईक त्याच्यासोबत होता. नाशिक-नगरकडे भागोजी नाईक उठला. हा नगरच्या पोलिसात काम केलेला माणूस. त्याने ऑक्टोबरात नांदूर शिंगोट्याच्या घाटात पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्रीला ठार केले होते.

ही माणसे डोंगरातून आलेली अनोळखी टोळी नव्हती. गणवेश घातलेली, पगार घेतलेली, घाट आणि चौक्या राखलेली माणसे होती. एल्फिन्स्टनच्या धोरणातून आलेलीच पुढची पिढी.

११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातल्या आंबापाणी येथे मेजर इव्हान्सच्या फौजेने बंडखोरांना गाठले. त्या फौजेत धरणगावची भिल्ल पलटणही होती. भिल्ल खडकांआडून लढले, त्यांच्याबरोबर अरब आणि मकराणी होते. भिल्ल स्त्रियाही त्यात उतरल्या. दिवसभर गोळीबार चालला. लढाईनंतर धरल्या गेलेल्या अनेक पुरुषांना तिथेच घाईघाईने लष्करी न्यायालय भरवून गोळ्या घातल्या आणि शेकडो स्त्रियांना ताब्यात घेतले. पलटणीतल्या शिपायांपैकी कितींच्या बहिणी किंवा भावजया त्या गर्दीत असतील, हा विचार मला सोडवत नाही.

तोवर आउट्रम लखनौहून मोकळा होऊन कोलकात्याच्या वाटेला लागला होता, गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात बसायला. १८६० मध्ये प्रकृती ढासळली म्हणून तो विलायतेला गेला, आणि ११ मार्च १८६३ रोजी फ्रान्सच्या पो या गावी वारला.

खाज्या नाईक आंबापाणीत सापडला नाही. तो दोन वर्षे डोंगरात फिरत राहिला. समोरासमोर त्याला कोणी धरू शकले नाही. १८६० मध्ये ज्यावर त्याने विश्वास ठेवला त्याच माणसाने दगा देऊन त्याला मारले.